शाकाहारी ताट, मासळीचं ताट, मटणाचं ताट: तब्येतीसाठी काय निवडावं?

हा प्रश्न आपल्याकडे दोन बाजूंनी येतो. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात कुणाचं तरी बी-१२ कमी निघतं आणि ‘निदान अंडी तरी सुरू करा’ असा सल्ला मिळतो. दुसऱ्या घरात रविवारचं मटण ठरलेलं असतं, तिथे वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढतं आणि ‘आता नॉनव्हेज बंद’ असं जो तो सांगू लागतो. दोन्ही घरांना निर्णय घ्यायचा असतो, आणि दोन्हीकडे धर्म, सवय, जीभ यांच्या गर्दीत तब्येतीचा मुद्दा मागे पडतो. इथे फक्त तब्येतीचंच बोलते. माझं मत आधीच सांगते: निरोगी राहायला मांस लागतंच असं नाही आणि मांस खाल्लं म्हणून तब्येत बिघडतेच असंही नाही. ताटात त्याच्यासोबत काय आहे आणि त्याच्याऐवजी काय आहे, यावर बरंच ठरतं.

प्रथिनांपासून सुरुवात करू, कारण शाकाहाऱ्यांना सगळ्यात जास्त याचीच भीती घातली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या माणसाला झाली साधारण ५० ग्रॅम. आता घरातलं नेहमीचं जेवण बघा: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात. पोळ्यांतून दहाएक ग्रॅम, वरणातून चार, भाजी-भातातून मिळून चार. सगळं मिळून अठराच्या आसपास, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गव्हातलं. त्याशेजारी मालवणी घरातलं ताट ठेवा: दोन वाट्या भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, एखादी तांदळाची भाकरी. एका मध्यम बांगड्यातून सतराएक ग्रॅम येतात आणि ताट पंचविशीला पोचतं. मासळीचं ताट जिंकलं, असं वाटेल.

पण शाकाहारी ताटात थोडे बदल करा. बटाट्याच्या जागी मटकीची उसळ, वरण दाट. सोबत वाटीभर दही आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी, आणि एक पोळी कमी. हेही ताट पंचविशीच्या पुढे जातं, आणि वर भरपूर चोथा मिळतो, जो मासळीत किंवा मटणात अजिबात नसतो. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात त्यातलं लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. त्यामुळे केवळ प्रथिनांसाठी कुणी मन मारून मांस खायला लागावं, हे मला पटत नाही. खरा दोष असतो तो पोळी-बटाटा-भाताच्या ताटाला ‘सात्त्विक’ म्हणून निर्धास्त राहण्यात. उपासाची साबुदाण्याची खिचडीही शाकाहारीच असते आणि ती जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा असं सांगितलंय. आपल्याकडची बहुतेक ताटं, शाकाहारी असोत की मांसाहारी, याच्या कितीतरी पुढे असतात. कोकणातलं भाताचा डोंगर आणि नावाला भाजी असलेलं ताटही त्यातच आलं.

बी-१२ ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे शाकाहाऱ्यांनी स्वतःची समजूत घालणं थांबवावं असं मला मनापासून वाटतं. हे जीवनसत्त्व फक्त जीवाणू तयार करतात. ते प्राण्यांच्या शरीरातून मांस, मासे, अंडी, दूध यांत येतं. भाज्या-डाळींत ते नसतं. स्पिरुलिनाच्या गोळ्या विकणारे काहीही सांगोत, त्यात असतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्राम. एका बांगड्यात ती सहज भागते. दूध-दह्यातूनही भागू शकते, पण त्यासाठी रोज अर्धा लिटरच्या आसपास पोटात जायला हवं. चहात घातलेलं दूध या हिशेबात धरण्याइतकं नसतं.

हा प्रश्न किती खोल आहे ते पुण्याजवळच दिसलंय. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याच्या परिसरातल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्या रक्तात फोलेट (पालेभाज्यांतलं एक ब जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे हातापायाला मुंग्या येणं, थकवा, तोंड येणं एवढ्यावर हे थांबत नाही. पुढच्या पिढीच्या मधुमेहाशीही त्याचा धागा जोडलेला दिसतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणखी खालावू शकतं, मग ते काहीही खात असोत.

लोहाच्या बाबतीत कागदावर मांस पुढे आहे. मांसातलं लोह शरीर सहज शोषतं, पालेभाज्या-डाळींतलं बरंच वाया जातं. उसळीवर लिंबू पिळलं, जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळला तर हा फरक थोडा कमी होतो. पण महाराष्ट्रातली बहुसंख्य माणसं मांसाहारी असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघतात. आठवड्यातून एकदा मटण शिजतं, पीस पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात आणि वाढणारीच्या वाट्याला रस्सा उरतो. घर मांसाहारी असलं तरी त्या घरातली बाई मांस खाते असं धरून चालू नका.

आता उलट बाजू. ‘मांस वाईट’ म्हणणारे सगळं मांस एका टोपलीत टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मूळ धोक्याच्या १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. गोव्याचं चोरिसही याच प्रकारात येतं. ते सणासुदीला ठीक, रोजच्या नाश्त्याला नाही. साधं लाल मांस एक पायरी खाली, ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे, आणि वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही मर्यादा सांगतो. चौघांच्या घरात रविवारी अर्धा किलो मटण आलं तर हाडं वजा जाता माणशी शंभर ग्रॅमही येत नाही. आपलं बोकडाचं मटण तसं कमी चरबीचंही असतं. त्यामुळे मला काळजी वाटते ती तांबड्या रश्श्यावर बोटभर चढलेल्या तेलाच्या तर्रीची आणि त्यासोबत रिचवलेल्या भाकऱ्या-भाताची.

मासळी या तिन्हींत मला सगळ्यात उजवी वाटते. बांगडा, तारली, पेडवे यांत हृदयाला उपयोगी ओमेगा-३ तयार रूपात असतं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं आणि शरीर त्यातलं फारच थोडं बदलून घेऊ शकतं. आणि नेमकी हीच मासळी पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त. रवा लावून तेलात सोडण्यापेक्षा तिखलं किंवा सार करा. खाऱ्या बांगड्याला मात्र रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा.

फार मोठ्या पाहण्या काय सांगतात? ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात सुमारे ४८ हजार माणसांवर १८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी आणि मासे खाणाऱ्यांमध्ये १३ टक्के कमी दिसला. पक्षाघात मात्र शाकाहाऱ्यांत २० टक्के जास्त. तिथला शाकाहारी पोळी-बटाट्यावर जगत नाही आणि तिथला मांसाहारी आठवड्यातून एकदाच खात नाही, हे लक्षात ठेवून हे आकडे आपल्या ताटाला लावावेत.

मग निवडायचं काय? शाकाहार तुमच्या मनाला पटलेला असेल तर तो सोडू नका. उसळी, डाळी, दही, सोयाबीन वाढवा आणि बी-१२ ची सोय करा. मनाची अडचण नसेल तर रोज एखादं अंडं आणि आठवड्यातून दोनदा लहान मासळी हा मला सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. मटण आवडत असेल तर रविवारपुरतं ठेवा, तर्री काढून, सोबत कांदा-काकडीची भरपूर कोशिंबीर घेऊन. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी कलेजी, जवळा आणि तारलीसुद्धा जपून खावी. गरोदर बाईने मोरी (शार्क) आणि फार मोठे मासे टाळावेत, कारण त्यांत पारा साठतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कुठलंही प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि बी-१२ कमी आल्याचा रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही हे वाचत असाल, तर फक्त अंडी सुरू करून थांबू नका. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्राम असतं, तेवढ्याने रिकामा झालेला साठा भरत नाही. आधी डॉक्टर सांगतील त्या गोळ्या किंवा इंजेक्शनं पूर्ण करा, काही महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि मग पुढचं ताट ठरवा.