सर्व्हायव्हर्स: १९७५ ची बघावी की २००८ ची?

बीबीसीची 'सर्व्हायव्हर्स' ही मालिका बघायची ठरवली की पहिला प्रश्न हाच, जुनी की नवी? महामारीत जवळजवळ सगळं जग संपतं आणि मूठभर माणसं उरतात, ही गोष्ट दोन्हीकडे तीच. माझ्या दोन्ही बघून झाल्यात, म्हणून सांगतो. पटलंच पाहिजे असं काही नाही.

आधी नवी बघितली. ९० मिनिटांचा पहिला भाग एका बैठकीत संपला, जेवण गार झालं. जुनीतली बरीचशी माणसं खात्यापित्या गोऱ्या घरातली वाटतात. नायिका अ‍ॅबी सुरुवातीलाच चेंडू फेकणाऱ्या यंत्राशी टेनिस खेळताना दिसते. नवीत अल सादिक आहे, छोटा नजीद आहे, पॅटर्सन जोसेफचा ग्रेग आहे. आणि मॅक्स बीस्लीने केलेला कैदी टॉम प्राइस! तो आला की बाकीच्यांकडे लक्षच जात नाही. इथे नवीला पूर्ण गुण.

मग माशी शिंकली. माणसं रिकाम्या दुकानांतून खाण्याचे डबे गोळा करतायत, रात्र कुठे काढायची त्याची पंचाईत, तेवढ्यात दृश्य बदलतं आणि आपण चकाचक प्रयोगशाळेत. शास्त्रज्ञ, लस, गुपितं. असं दोन-तीनदा झाल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "यांच्याकडे लाइट आहेत की! मग अडलंय कुठे?" बारा-बारा तासांचं भारनियमन काढलेल्या बाईचा प्रश्न, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठेतरी दिवे चालू आहेत आणि कुणीतरी सूत्रं हलवतंय हे कळलं, की बाकीच्यांच्या हालांची धारच जाते. बरं, गुपिताचा छडा तरी लागावा? १२ भाग झाले आणि २०१० मध्ये मालिका बंद. सगळं लटकलेलंच.

जुनीत रोगाचा खुलासा शीर्षकांतच उरकतो. शास्त्रज्ञाच्या हातून बाटली निसटते, मग पासपोर्टवर शिक्क्यांमागून शिक्के. बस्स. पहिल्याच भागात अ‍ॅबी मुलाला शोधत त्याच्या शाळेत जाते, तिथले म्हातारे मास्तर तिला सांगतात की दुकानातलं कधीतरी संपणार, मग साध्यासाध्या वस्तूही मुळापासून करायला शिकावं लागेल. दोन माणसं नुसती बोलतायत, तरी मी हललो नाही. 'लॉ अँड ऑर्डर' हा भाग तर चुकवूच नका. वस्तीत खून होतो, संशयिताचं काय करायचं यावर मतं घेतात. निकाल चुकला हे काहींना नंतर कळतं, आणि तेही गप्प बसतात, कारण कामाला हात कमी आहेत. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे ती शांतता जास्तच टोचते.

खोटं कशाला बोला, जुनी संथ आहे. चित्र जुन्या व्हिडिओ टेपचं. पहिल्या पर्वानंतर कॅरोलिन सेमूरची अ‍ॅबी जाते, मूळ लेखक टेरी नेशनही जातात, आणि तिसऱ्या पर्वात भटकंतीच फार. एकूण ३८ भाग सगळ्यांना झेपतील असं नाही.

एकच रविवार मोकळा असेल तर नवीचा पहिला भाग बघा, मजा येईल. दोन आठवडे असतील तर मी आपलं जुनीचं पहिलं पर्व सुचवेन, १३ भाग, रोज एक. आमच्याकडे आई तेव्हाही दारातच उभी होती. चौथ्या भागाला मात्र लसूण सोलायचं ताट घेऊन खुर्चीत येऊन बसली.