आमची गिरणी: पाचापैकी चार तारे, एक खड्यापायी गेला

पाटीवर नाव आहे, पण इतक्या वर्षांत तिच्यावर एवढं पीठ बसलंय की 'दळून मिळेल' एवढंच काय ते वाचता येतं. म्हणून मीही नाव सांगत नाही. सोलापुरात, बाळीवेशीच्या अंगाला, एका बोळात. सकाळी आठ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. लाईट असेल तर.

मी कथा लिहिते. जून-जुलैत दिवाळी अंकवाल्यांचे फोन येतात, "काही सुचलंय का?" सुचलंय की नाही हे मला दळणाला गेल्याशिवाय कळत नाही. तेव्हा या गिरणीबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी पिठाचं बोलू. ज्वारी एक नंबर. आम्ही मालदांडीवर वाढलेली माणसं. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही, 'आत्ता कळलं होय' असंच वाटलं. पण मालदांडी कितीही चांगली असली तरी दळणारा चुकला की भाकरी थापताना कडेनं फाटते. इथले काका दळण सुरू झालं की कापडी बाहीखाली हात घालतात, पीठ चिमटीत चोळतात आणि दगडाचं चाक किंचित फिरवतात. पुन्हा चिमूट, पुन्हा चाक. तिसऱ्यांदा मान हलवली की आपण निर्धास्त. कडक भाकरीसाठी हवंय म्हणून सांगितलं तर आणखी बारीक काढून देतात.

एकदम महिन्याचं दळण नेऊ नका. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग उकळतं पाणी घाला नाहीतर देवाचा धावा करा, पीठ काही एकजीव होत नाही. मी आठ दिवसांचंच दळते. घरातले म्हणतात, हिला गिरणीत जायला निमित्त लागतं. खरं आहे.

आता तारा का कापला ते. गेल्या पावसाळ्यात दगडांना टाकी मारली होती, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड टोचून खरबरीत केले होते. टाकीनंतर दोन-चार किलो भरड धान्य दळून ते टाकून द्यायचं असतं, म्हणजे दगडाची कच निघून जाते. त्या दिवशी गर्दी होती, बहुतेक राहून गेलं, आणि पहिला डबा माझा. रात्री जेवताना नवरा घास चावता चावता थांबला. "कचकचतंय," म्हणाला. माझ्या दोन्ही कथासंग्रहांवर मिळून त्यानं इतकं नेमकं मत दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी डबा उघडून पाहिला, काही न बोलता स्वतःच्या पोत्यातली ज्वारी मोजली आणि दळून दिली. तारा तरीही कापला, कारण सहा भाकरी गाईला गेल्या.

पण माझ्यासारखीला गिरणी लागते ती आवाजासाठी. मोटर, पट्टा आणि दगड एकदम सुरू झाले की शेजारच्या बाईचं अर्धंच वाक्य पोचतं. त्यात सोलापूर. बाकावर एक बाई कन्नडमध्ये सुनेची तक्रार करतेय, विडी कारखान्यात विड्या द्यायला निघालेल्या दोघी तेलुगूत हिशोब करतायत, आणि तिघी एकमेकींशी बोलताना मराठीवर येतात. कन्नड मला कामापुरतं कळतं, तेलुगू फक्त आकडे आणि शिव्या. मागे एकदा ऐकलं, "...आणि तिनं मंगळसूत्र काढून डब्यात..." पुढचं पट्ट्यानं खाल्लं. कुठल्या डब्यात? ज्वारीच्या? मग ते दळणात गेलं का? घरी येईपर्यंत माझी चौदा पानं डोक्यात तयार होती. नंतर कळलं, वाटी सुटली होती म्हणून डबीत घालून सोनाराकडे दिलं होतं. डब्याचं काही नव्हतंच. गोष्ट मात्र छापून आली.

आमच्या घरात 'गिरणी' हा शब्द आजोबांचा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये ते मागावर होते. त्या गदारोळात आयुष्य काढलेला माणूस घरीही ओरडूनच बोलायचा, आणि दोन शब्दांत. "पाणी दे." "पोरगी कुठंय?" "बास आता." एका संपादकांनी मला लिहिलं होतं की तुमची पात्रं फार तुटक बोलतात. त्यांना काय सांगणार, ती सगळी मागावर उभी आहेत म्हणून!

आजी जात्यावरची. तिला एकदा ओट्यावर बसवून म्हटलं, ओवी म्हण. म्हणाली, "हातात खुंटा नसला की आठवत नाही गं." पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी खेडोपाडीच्या बायकांकडून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांपैकी काही वाचल्या. सासू, भाऊ, पंढरपूर, नवऱ्याचा मार, सगळं त्या दगडाला सांगितलेलं. वाचताना आजीचा हात दिसत होता, आवाज मात्र आठवेना. त्याचं अजून वाईट वाटतं.

पुण्याच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी घरघंटी पाठवली. वाईट नाही, पीठही ठीक पडतं. पण कपाटासारखं दार लावून ती एकटीच आत घरघरत राहते, तिच्यापाशी थांबायचं कुणालाच कारण नसतं. त्या जुलैत फोन आला, "काही सुचलंय का?" मी म्हटलं, नाही. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा. सध्या घरघंटीवर लोणच्याची बरणी असते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गहू-ज्वारी किलोला ८ रुपये, डाळी १०, भाजणी १४. बाजरीच्या मागे गहू लावू देऊ नका, पोळ्या करड्या होतात. उपवासाची भाजणी एकादशीच्या आदल्या दिवशी, गिरणी झाडून घेतल्यावरच. डब्यावर नाव ऑइलपेंटनं घाला, कागदी चिठ्ठी टिकत नाही. घरी आल्यावर झाकण अर्धवट ठेवा, गरम पीठ घामेजतं. सुट्टे न्या.

बसायला एकच बाक आहे. पट्ट्याच्या बाजूची जागा घेऊ नका, तिथं धड काहीच ऐकू येत नाही. ती माझी आहे.