कंपनी म्हणे, तुमच्याकडे ऊन कमी पडतंय!

नवतपा सुरू, चंद्रपूरचा पारा ४६ च्या पुढे, आणि सोलर पॅनलने ट्रेलरची बॅटरी भरत नाही अशी तक्रार केली, तर कस्टमर केअरवाली ताई वरोऱ्याच्या माणसाला सांगते, "सर, तुमच्याकडे ऊन कमी असेल." तिथून या रिव्ह्यूला सुरुवात झाली.

माल असा: १०० वॅटचा घडीचा सोलर पॅनल, मागे चिकटवलेला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा साधा डबा), १० मीटर वायर. आमच्या छोट्या ट्रेलरमध्ये ४० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे. रात्री २० वॅटचे दोन डीसी पंखे, एक दिवा, मोबाइल. हरभऱ्याच्या दिवसांत डुकरं राखायला हाच ट्रेलर धुऱ्यावर उभा असतो, एरवी लोणार, मेळघाट. हिवाळ्यात पंखे बंद, म्हणून काही कळलं नाही. उन्हाळ्यात मात्र रात्री दोनलाच पंखे थांबायला लागले. बाहेर डास, आत भट्टी.

तेव्हा मी याला एक स्टार देणार होतो. पण आमच्या गावच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या भाऊने मीटर लावला. कंट्रोलरवर १४.४ व्होल्ट, बॅटरीच्या टर्मिनलवर १३.२! मधले १.२ व्होल्ट वायरनेच खाल्ले. दीड चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन २० मीटर, त्यातून ५ अँपिअर, दुसरं काय होणार? कंट्रोलर बसलाय पॅनलपाशी, त्याला वाटतं बॅटरी भरत आली, तो हात आखडता घेतो. इकडे बॅटरी अर्धीच.

कंट्रोलर काढून बॅटरीजवळ लावला. तरी नुसतं तेवढं पुरत नाही. पॅनलवर लिहिलेले १८ व्होल्ट सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. आपल्याकडे दुपारी पॅनलचे सेल ६५ अंशांवर जातात आणि साडेपंधराच्या आसपास उरतात. त्यातूनही वायरने सव्वा व्होल्ट गिळला तर बॅटरी भरायला लागणारे १४.४ येणार कुठून? म्हणून चारची सोलर वायर टाकली. आता पंखे पहाटेपर्यंत चालतात. पॅनलला एवढे पैसे मोजायचे आणि वायरमध्ये कंपनीने कंजुषी करायची, हे डोक्यातून जात नाही. तक्रार त्यांनी 'निराकरण झाले' म्हणून बंद केली. निराकरण कोणी केलं, भाऊ?

असो, पॅनलवरचा राग गेला. छतावर पॅनल ठोकणाऱ्यांना ट्रेलर उन्हात उभा करावा लागतो. मे महिन्यात त्यात झोपून दाखवा. आमचा ट्रेलर मोहाच्या दाट सावलीत आणि पॅनल दहा मीटरवर उन्हात. दर दोन तासांनी सूर्याकडे तोंड फिरवायचं, बस. एका घडीवर फांदीची सावली पडली तरी अँपिअर धाडकन खाली येतो, तेवढं पाहायचं. वानरांपासूनही जपा. ताडोब्याच्या मोहर्लीजवळ एक हुप्प्या पॅनलवर आरामात बसला होता, उठवायला गेलो तर दात दाखवले. पॅनल शाबूत आहे, पाय मात्र वाकला.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला नेऊ नका, धुक्यात मोबाइलही धड भरत नाही.

आता चार स्टार. दिवाळीनंतर दुसरा पॅनल घेईन, पण नुसता पॅनल. वायर गांधी चौकातल्या दुकानातून, मीटरने मोजून.