शंभर लिटरचा डीप फ्रीजर, नागपुरातले नऊ महिने

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतला, आता ऑगस्ट सरत आला. तुरीच्या शेंगांचा हंगाम, मे महिना आणि पावसाळा, तिन्ही या डब्यानं आमच्या घरात काढले. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव शोधत होतो तेव्हा जिकडेतिकडे "कालच आला, दिसायला छान आहे" एवढंच. दिसायला काय, पांढरी पेटी आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचं घर पाच जणांचं. बायको नर्स, ड्यूटी फिरती. मी बुटीबोरीला कामाला, घरी पोचायला सात होतात. तिची दुपारची पाळी असली की रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. पोरगी नववीत, पोरगा चौथीत, आणि आई. आधी अशा आठवड्यांत एक दिवस खिचडी, एक दिवस अंडाकरी आणि उरलेले दिवस कोपऱ्यावरून पार्सल. पार्सलचा महिन्याचा हिशेब एकदा कागदावर मांडला आणि साडेतेरा हजारांची पेटी स्वस्त वाटायला लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खरा फरक ती कशी वापरता त्यानं पडतो.

आणि पहिला महिना मी ती अगदी चुकीची वापरली. व्हिडिओ पाहून रविवारी सकाळपासून सात प्रकार शिजवले, डब्यांत भरले, झाकणावर वार लिहिले. सोमवारी आलू-वांगं काढलं तर आलू स्पंज झालेले, चमच्यानं दाबले की पाणी सोडत होते. मंगळवारचं चून, म्हणजे पिठलं, गरम केलं तर पीठ एकीकडे, पाणी एकीकडे. कढी फाटली. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "काहून रे, शिळं खाऊ घालून राह्यला का?" मी तिला उणे 18 अंशाला जंतू वाढत नाहीत वगैरे समजावलं. ती म्हणाली, "नसन वाढत. चव तं शिळीच आहे नं."

तिचं बरोबर होतं. घरचा फ्रीजर हळूहळू गोठवतो, त्यामुळे भाजीतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते आतून पेशी फाडतात. आलू, बेसन, दही यांना हे अजिबात झेपत नाही. चणे, राजमा, वरण यांना काही होत नाही.

मग मी जरा डोकं लावलं. स्वयंपाकात वेळ नेमका कुठं जातो ते आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं. कांदा-खोबरं भाजून वाटायला पंचवीस मिनिटं. चणे भिजायला रात्र आणि शिजायला अर्धा तास. शेंगा सोलायला तास-दीड तास. फोडणी घालून रस्सा उकळायला? बारा ते पंधरा मिनिटं. म्हणजे पहिल्या तीन गोष्टी पेटीत, आणि फोडणी रोज ताजी. गेले आठ महिने घर या एका नियमावर चाललंय. गोठवलेली भाजी आमच्याकडे कोणी खात नाही, गोठवलेल्या वाटणाची भाजी सगळे खातात आणि कोणाला कळतही नाही.

वाटणाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. महिन्यातून एकदा दोन किलो कांदा, सुकं खोबरं, खसखस, लसण, अद्रक, घरचा काळा मसाला. कांदा उभा चिरून तेलावर चांगला काळपट होईपर्यंत भाजायचा, इथं घाई केली तर पुढचा महिनाभर रस्सा गोडसर लागतो. वाटताना पाणी जवळजवळ घालायचंच नाही. मग पोळीएवढ्या पातळ, सपाट पिशव्या भरायच्या आणि बोटानं दाबून त्यावर आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, चिक्कीच्या वडीसारख्या. गोठल्यावर त्या रेघांवर कटकन तुकडा मोडतो. एक तुकडा म्हणजे आम्हा पाच जणांचा एक रस्सा. सुरुवातीला मी वाटीत भरून गोठवलं होतं, तेव्हा ते दगडासारखं वाटण सुरीनं फोडताना ओट्याची फरशी गेली. तुकडा तापल्या तेलात टाकला की बर्फामुळे तडतड उडतं, म्हणून आच मंद करून टाकायचा आणि लगेच झाकण ठेवायचं. दोन मिनिटांत झाकण काढलं की तेल कडेला आलेलं असतं. पुढं अंडी टाका, चणे टाका, मूगवड्या टाका, तुमची मर्जी.

सोल्यांची गोष्ट वेगळी. जानेवारीत कॉटन मार्केटमधून दहा किलो वाटाणा आणि पाच किलो तुरीच्या शेंगा आणल्या. आई, मी आणि दोन्ही पोरं टीव्हीसमोर बसून चार संध्याकाळी सोलत होतो. वाटाण्याचे साडेचार किलो दाणे निघाले, तुरीचे सोले जेमतेम अडीच किलो. अर्धा वाटाणा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढला, मग पंचावर कोरडा केला. उरलेला अर्धा कंटाळा करून तसाच भरला. मार्चपर्यंत दोन्ही सारखेच दिसत होते. एप्रिलमध्ये न उकळलेला वाटाणा फिका पडला आणि त्याला वाळल्या गवतासारखा वास यायला लागला. दाण्यातली एन्झाइम त्या थंडीतही हळूहळू काम करत राहतात, दोन मिनिटांच्या उकळीनं ती बंद पडतात. माझे दोन किलोच्या वर दाणे असे गेले. तुम्ही कंटाळा करू नका. दाणे आधी ताटात पसरून गोठवले आणि मग पिशवीत भरले तर सुटे राहतात, मूठभर हवे तेव्हा मूठभर निघतात.

जून महिन्यात, बाहेर पहिला पाऊस पडत असताना सोले-वांगे केले. ज्यांचं बालपण विदर्भात गेलं त्यांना सांगायला नको. सोले थोडे तेलावर परतून अर्धे ठेचायचे, म्हणजे रस्सा दाट होतो. त्यावर वाटणाचा तुकडा, चार भाग केलेली वांगी, तिखट, शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर. घरात शिरल्यापासून ताटं वाढेपर्यंत पस्तीस मिनिटं. पोरानं विचारलं, "बाबा, आज थंडी आहे का?"

तिसरी चांगली गोष्ट वडाभाताचे वडे. तूर, हरभरा, मूग, बरबटी अशा डाळी भिजवून जाडसर वाटायच्या आणि वडे अर्धे तळून गार करून गोठवायचे. ऐनवेळी थेट गरम तेलात. पुरता तळून गोठवलेला वडा दुसऱ्यांदा तळला की चामट होतो, अर्धा तळलेला आतून मऊ राहतो. भात कुकरला लावला की तो होईपर्यंत वडे तळून, कुस्करून, हिंग-मिरचीची तेलाची फोडणी तयार. कढी मात्र ताजी करावी लागते, ती दहा मिनिटांची.

आता फडताळाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय ही पेटी निम्म्या कामाची. आईचं फडताळ जुनं आहे आणि त्यात वीज लागत नाही. मूगवड्या, कोहळ्याच्या वड्या, कुरड्या, गोळाभाताचा भरडा, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, जवस, चिंच, वर्षाची तूरडाळ. मी पेटी आणली तेव्हा तिला वाटलं की आता तिच्या वड्यांचं काम संपलं. झालं उलटंच. पूर्वी वड्या पडून राहायच्या, कारण त्यांच्या रश्श्याचं वाटण करायला कोणाला वेळ नव्हता. यंदा जुलैतच संपल्या. वाळल्या हरभऱ्याच्या भाजीला तर पेटीतलं काहीच लागत नाही, चुरून, डाळीबरोबर शिजवून, बेसनाचं आलन लावून लसणाची फोडणी दिली की भाकरीबरोबर जेवण झालं. ती भाजी गोठवायचा विचारही करू नका, ऊन तिला जास्त मानवतं.

पेटीनं फडताळाचं एक काम मात्र केलं. पावसाळ्यात रव्यात अळ्या आणि बेसनात जाळ्या व्हायच्या. आता किराणा आला की रवा, बेसन, मैदा चार दिवस पेटीत आणि मग डब्यात. अंडी तिथंच मरतात. बाहेर काढल्यावर पुडा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायचा नाही, नाहीतर हवेतली ओल पिठावर बसते. मी एकदा फोडला, गठुळ्या चाळून काढता काढता रविवार गेला.

मे महिन्याबद्दल दुकानात कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. पेटीच्या मागे एक स्टिकर असतं, त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन, एसटी, टी वगैरे. सगळ्यात गरम म्हणजे टी, आणि तोसुद्धा बाहेरचं तापमान 43 अंशांपर्यंत धरून केलेला. नागपूरचा मे 43 वर थांबत नाही. नवतपाच्या दिवसांत आमच्या पश्चिमेच्या स्वयंपाकघरात मोटर बंदच होत नव्हती, आतला थर्मामीटर उणे 12 च्या खाली जाईना. पेटी उत्तरेच्या बोळीत हलवली, भिंतीपासून हातभर लांब ठेवली, तेव्हा रात्रीतून उणे 17 वर आली. मधे एकदा कूलरच्या खोलीत ठेवून पाहिली, ती चूक करू नका. कूलरची हवा ओली. झाकण उघडलं की ती आत जाते आणि आठ दिवसांत भिंतींवर बोटभर बर्फ. विजेचं म्हणाल तर प्लगला मीटर लावून पाहिलं: जानेवारीत दिवसाला पाऊण युनिटच्या आत, मेमध्ये दीडच्या वर. पार्सलच्या मानानं काहीच नाही, पण शून्यही नाही.

मेच्या शेवटी वादळात झाडं पडली आणि आमची लाइन अकरा तास गेली. भरलेली पेटी झाकण न उघडता दोन दिवस गार राहते, अर्धी रिकामी असली तर एक दिवस. आमची भरलेली होती, पण आईनं "पाहू तं दे वितळलं का" म्हणत तीनदा उघडली. तेव्हापासून आत एका ग्लासात पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलंय. नाणं वरच असेल तर सगळं ठीक. ते बुडालेलं दिसलं तर मागच्या मागे माल वितळून परत गोठलाय, मग फेकायचं. त्या दिवशी काही बुडालं नाही, पण आता उघडण्यापूर्वी आई मला फोन करते.

उन्हाळ्याचंच आणखी एक. शिजलेलं काही गार व्हायला ओट्यावर ठेवून विसरायचं नाही. 32 अंशांच्या वर तासाभराच्या आत ते थंडीत गेलंच पाहिजे, भात तर नक्कीच. मी परातीत पसरून पंख्याखाली ठेवतो. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात.

फसलेल्या प्रयोगांत पहिला नंबर संत्र्यांचा. फेब्रुवारीत मृग बहाराची गोड संत्री आली होती, वीसेक पिळून रस गोठवला, म्हटलं मेमध्ये पोरांना देऊ. मेमध्ये पोरांनी एक घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकला. कडू जहर. रस काढल्यावर त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होतं, फळात असताना ते जाणवत नाही. नागपूरकर असून हे मला चाळिशीत कळावं! आमरस आणि लिंबाचा रस मात्र उत्तम राहिले, लिंबं महाग झाली तेव्हा बर्फाच्या ट्रेमधले तुकडेच कामी आले. सांबार गोठवला तर काळवंडून लोळागोळा होतो, फोडणीत चालतो, वरून घालायला नाही. टमाटर अख्खे टाकावेत, नळाखाली धरले की साल आपोआप सुटते.

आणि पिशवीवर नाव लिहा. मी हिरवी पिशवी सांबाराची समजून वरणात सगळी सोडली, ती ठेच्याची निघाली. पोरगी अजून ओळखीपाळखीच्या लोकांना ते सांगते.

माझा सगळ्यात मोठा घोळ मात्र यंत्राचा नव्हताच. आषाढात कांदेनवमीला आईनं शेवटची कांद्याची भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मला आठवलं की पेटीतलं सगळं वाटण कांदा-लसणाचं आहे. चातुर्मासात तिला त्यातलं काहीच चालत नाही, वांगीही नाहीत. चार किलो वाटण आणि आई वरण-भातावर. मग तिच्यासाठी तीळ, खोबरं, जिरं, धणे यांचं वेगळं वाटण केलं, पिशवीवर लाल टेप लावला. खरं सांगू? मूगवडीच्या रश्श्याला तेच जास्त शोभतं, आता आम्ही सगळेच ते खातो.

सोल्यांची एकच पिशवी उरली आहे. मी ती तान्ह्या पोळ्याला संपवणार होतो. परवा पाहिलं तर आईनं त्यावर खडूनं "चंपाषष्ठी" लिहून तळाशी सरकवून ठेवली आहे. म्हटलं, आई, तोवर मार्केटात ताज्या शेंगा आलेल्या असतील. "येतीन तं येऊ दे," ती म्हणाली, "हे माह्या हातचे सोललेले आहेत."