स्टार ट्रेकचा युनिफॉर्म घेताय? टू-पीसच घ्या

मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स-सिरीजच्या फॅन लोकांचा मेळावा) घालायला 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळातल्या अमेरिकन सिरीजचा लाल युनिफॉर्म ऑनलाइन मागवला, तिसऱ्या सीझनपासूनचा, म्हणजे उभ्या कॉलरचं जॅकेट आणि वेगळी पँट. त्याच विक्रेत्याकडे आधीच्या दोन सीझनचा अंगाला चिकटणारा जंपसूट पण होता आणि तो स्वस्त होता, मैत्रिणीने तो घेतला, त्यामुळे दोन्ही दिवसभर शेजारी शेजारी बघायला मिळाले.

आणि दिवसभर बघितल्यावरच कळतं की सिरीजवाल्यांनी हे कपडे का बदलले. १९८७ मध्ये सिरीज सुरू झाली तेव्हा कॉस्च्युम डिझायनर विल्यम वेअर थीस यांनी केलेले जंपसूट स्पॅन्डेक्सचे, म्हणजे ताणणाऱ्या कापडाचे होते, आणि कुठे सुरकुती दिसू नये म्हणून मुद्दाम एक साइज लहान शिवलेले. म्हणजे कापड सतत खांद्यावरून खाली ओढत राहणार, नट बारा-बारा तास त्यात उभे, शेवटी पाठीच्या दुखण्याची तक्रार निर्मात्यांपर्यंत गेली. मग १९८९ च्या तिसऱ्या सीझनला नवे डिझायनर रॉबर्ट ब्लॅकमन यांनी लोकरीच्या गॅबर्डिनचा (घट्ट विणीचं कापड) टू-पीस आणला. मैत्रिणीचा जंपसूट लायक्राचा, म्हणजे स्पॅन्डेक्सचाच आहे, साइज बरोबर होती तरी दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले, आणि बाथरूमला जायचं तर पाठीची चेन उघडायला दरवेळी मी सोबत. मालिकेत अंतराळवीर संकटात धावपळ करतात, त्यांना एकट्याने कपडे काढता-घालता येत नसतील तर कसं चालायचं!

माझ्या टू-पीसचं कापड लोकरीचं नाहीये, पॉलिस्टर मिक्स आहे, मुंबईच्या दमटपणात घाम येतोच, पण अस्तर नसल्यामुळे सहन होतं. शिलाई चांगली आहे. काळा खांदा आणि लाल छाती जिथे जुळतात तिथे कापड जराही गोळा झालेलं नाही, ते जोडणं सोपं नसतं. हात वर केला तर काखेत ओढत नाही, पँटचं आसन पुरेसं खोल आहे त्यामुळे खाली मांडी घालून बसता आलं. एकच गोष्ट, बसून उठलं की जॅकेट वर चढतं आणि खाली ओढावं लागतं. पॅट्रिक स्टुअर्ट कॅप्टन पिकार्ड म्हणून उठताना जॅकेट खाली ओढतात ना, अगदी तेच, फॅन लोकांनी त्याला 'पिकार्ड मनूव्हर' नाव दिलंय, ती काही नुसती स्टाइल नव्हती, कपडाच तसा आहे.

खिसा मात्र कुठेही नाही. फोन, ट्रेनचा पास, पैसे ठेवायचे कुठे? मी आमच्या टेलरकाकांकडून पँटच्या बाजूच्या शिलाईत खिसा लावून घेतला, बाहेरून दिसत नाही. मला तर वाटतं कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात शहाणी स्टार ट्रेक म्हणजे २००१ ची 'एंटरप्राइझ', त्यातले निळे जंपसूट पण ब्लॅकमन यांचेच, वन-पीस आहेत पण सैल, समोर चेन, जागोजागी खिसे, नासाच्या लोकांसारखे. बघितल्याबरोबर पटतं की ही माणसं यात काम करतात.

मुलींनी एक लक्षात घ्या. विक्रेत्याकडे लेडीज म्हणून जो येतो तो वन-पीसच आहे, कारण सिरीजमध्ये पुरुषांना टू-पीस मिळाला तरी बायकांचा जंपसूट तसाच राहिला. याचा मला खरंच राग येतो. जहाजावरची समुपदेशक डिॲना ट्रॉय हिला तर साधा युनिफॉर्म मिळायला १९९२ उजाडलं, सहाव्या सीझनमध्ये नवीन कॅप्टन येऊन सांगतो तेव्हा, आणि त्यानंतर ती किती अधिकारी वाटायला लागते बघा. पुढे 'व्हॉएजर' या दुसऱ्या स्टार ट्रेक सिरीजमध्ये अभिनेत्री जेरी रायनला जो सूट दिला तो इतका घट्ट होता की ती बाथरूमला निघाली की शूटिंगच थांबायचं. म्हणून मी सरळ जेन्ट्सचा स्मॉल घेतला, छातीला बसला, कमरेत थोडा आत घ्यावा लागला.

पाचपैकी चार स्टार. एक खिशाचा कापला. जंपसूटला मी दोन देईन, तेही फक्त फोटोसाठी. पहिल्या धुण्याला लाल रंग सुटतो, बाकीच्या कपड्यांपासून वेगळा भिजवा आणि सावलीत वाळवा.