एकाच चित्रकारापासून सुरुवात करायची तर कोण? पटवर्धन, खख्खर, अर्पिता सिंग की गीव्ह पटेल

पोळ्याला मामेभाऊ आला होता घरी. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, पोळ्याच्या वेळी सिझन सुरू झालेला नसतो म्हणून दोन दिवस राहिला, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन गेल्यावर ओसरीत बसून मला म्हणाला, "ताई, तू ते चित्रं पाहत राह्यतं ना, मले एकच चित्रकार सांग. एकच. सहा महिने मी त्याचंच पाहीन."

मी विचारलं कशासाठी, तर म्हणाला माणसाच्या मनातलं, घरातलं, नात्यातलं ज्यानं काढलं असा पाहिजे, निसर्ग-बिसर्ग नको, देव नको. आता हा प्रश्न सोपा नाही, कारण आपल्याकडे गेल्या पन्नास वर्षांत नेमकं हेच काढणारे एक नाही तर कितीतरी जण झाले, आणि गावात बसून पाहायचं म्हणजे सगळं मोबाईलवर, मोठी पुस्तकं महाग, मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर. म्हणून त्या दिवशी त्याला जे सांगितलं आणि नंतर आठवडाभर डोक्यात जे घोळत राहिलं ते इथं लिहून ठेवते, तुमच्यापैकी कोणी अशाच ठिकाणी अडलं असेल तर कामी येईल.

आधी गायतोंडे बाजूला काढून ठेवते, कारण विदर्भातलं कोणीही पहिलं नाव तेच घेतं. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले १९२४ला, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं २०१४मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आपल्याला अभिमान वाटावा असंच आहे ते. पण त्यांच्या नंतरच्या चित्रांत माणूसच नाही, रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगावर रंग चढवत, मधेच काढून टाकत केलेली ती शांतता आहे, आणि मोबाईलच्या पाच-सहा इंचात ती निव्वळ पिवळी किंवा राखाडी पट्टी दिसते. ज्याला नाती पाहायची आहेत त्यानं इथून सुरुवात केली तर आठ दिवसांत सोडून देईल. गायतोंडे नंतर, आणि शक्यतो प्रत्यक्षच.

आता उरलेले चार. यातले दोघं डॉक्टर आहेत, एक हिशेबनीस, आणि एक बाई जिनं सुरुवातीला वीणकर सेवा केंद्रात काम केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चौघांच्याही हाताला चित्राशिवाय दुसरं काहीतरी काम होतं आणि ते काम चित्रात उतरलेलं दिसतं.

सुधीर पटवर्धन १९४९चे, पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले, ठाण्यात १९७५ ते २००५ रेडिओलॉजिस्ट. म्हणजे तीस वर्षं एक्सरे पाहिले आणि घरी येऊन माणसं काढली. त्यांचं 'इराणी रेस्टॉरंट' १९७७चं, 'ट्रेन' १९८०चं, 'लोअर परळ' २००१चं. कामावर जाणारी, थकलेली, गर्दीत असून एकटी माणसं. तुम्ही म्हणाल हे तर शहर झालं, आपल्याला काय त्याचं, पण एसटीच्या लाल गाडीत संध्याकाळी बाजारहून परतणारी माणसं आठवा, खिडकीशी बसलेला, मांडीवर रिकामा झोला, कुठंच न पाहणारा एखादा बुढा, तसाच चेहरा आहे तो. नंतरच्या काळात ते घरात शिरले, खोली, पलंग, दार, एकमेकांकडे न पाहता एकाच खोलीत असलेले घरातले लोक. मला ही घरातली चित्रं जास्त बोलतात. आणि आणखी एक गोष्ट, २००८-०९मध्ये समकालीन चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेण्यात पटवर्धनांचा मोठा हात होता, म्हणजे मुंबईबाहेरच्या माणसानं हे पाहावं असं ज्याला मनापासून वाटलं तो हा माणूस.

पटवर्धन मोबाईलवर टिकतात. चित्रात काय चाललंय ते कळतं, मग हळूहळू लक्षात येतं की कोण कोणाकडे पाहत नाही. गावच्या वाचनालयात, दहा-बारा जणांनी टीव्हीला मोबाईल जोडून पाहायचं असेल तर मी डोळे मिटून यांचं नाव सांगेन, कारण पाहणारा लगेच बोलायला लागतो.

भूपेन खख्खर (१९३४ ते २००३) बडोद्याचे म्हणून ओळखले जातात, जन्म मुंबईचा, शिक्षणानं सीए. बडोद्यात राहून अर्धवेळ हिशेबाचं काम करत चित्रं काढली. १९७२च्या सुमारास त्यांनी घड्याळ दुरुस्तीवाला, शिंपी, न्हावी यांची चित्रं काढली, आणि ती पाहिली की वाटतं अरे हा तर आपला चौक. दुकानातला एकटा माणूस, मागं त्याची हत्यारं, समोर रिकामा वेळ. असा माणूस तोपर्यंत कोणी चित्रात बसवलाच नव्हता एवढ्या आस्थेनं.

पण खख्खर मोठे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. ते समलिंगी होते आणि वयाच्या पन्नाशीकडे येताना त्यांनी ते चित्रातून सांगितलं. १९८१च्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्रात एक माणूस गॅलरीत उघडा उभा आहे, आपल्याकडे पाठ, आणि खाली गावात बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चाललीय, तीच जी आपण मराठी शाळेत शिकलो, कसंही गेलं तरी लोक बोलतातच ती. हे चित्र आज लंडनच्या टेट म्युझियममध्ये आहे. लहानपणी ती गोष्ट आपण हसून ऐकली होती, इथं तीच गोष्ट एका माणसाच्या आयुष्यभराच्या ओझ्याची होते. शेवटी प्रोस्टेट कॅन्सर झाला तेव्हाही ते स्वतःचं दुखणं, शरीर काढत राहिले.

खख्खर कोणासाठी? ज्याच्या आत काहीतरी आहे जे घरी सांगता येत नाही त्याच्यासाठी. ते समलिंगी असणंच असलं पाहिजे असं नाही. गावात राहणाऱ्या माणसाला 'लोक काय म्हणतील' हे हवेसारखं असतं, चोवीस तास. फक्त घरात सगळ्यांबरोबर बसून पाहायला सुरुवात करू नका, आधी एकट्यानं पाहा, कारण उघडी शरीरं आहेत आणि पहिल्याच दिवशी वाद झाला तर चित्र राहतं बाजूला.

अर्पिता सिंग यांच्याबद्दल मला थोडं जास्त लिहावं लागेल, कारण माझं मन तिथं अडकलेलं आहे. १९३७चा जन्म, बंगालमधल्या बारानगरचा, आयुष्य दिल्लीत, २०११ला पद्मभूषण. त्यांच्या चित्रात मधल्या वयाच्या बाया असतात, पोट सुटलेल्या, थकलेल्या, बसलेल्या, आणि त्यांच्या भोवती फुलं, मोटारी, विमानं, बंदुका, आकडे, अक्षरं असं सगळं एकत्र शिवल्यासारखं पसरलेलं. बंगाली कांथाशी, म्हणजे तिकडच्या जुन्या कापडांच्या गोधडीशी, याचं नातं लोक सांगतात, मला मात्र आमच्या आजीची वाकय आठवते, वाकळ म्हणा, ज्यात मामाच्या धोतराचा तुकडा, माझ्या बालवाडीतल्या फ्रॉकचा तुकडा आणि मेलेल्या मावशीच्या लुगड्याचा काठ शेजारी शेजारी होता आणि आजी रात्री पांघरताना कधी कधी त्या काठावरून बोट फिरवायची, बोलायची काही नाही. अर्पिताबाईंचं चित्र तसं आहे. घरातलं सुख आणि बाहेरची भीती एकाच कापडावर.

'माय मदर' हे चित्र १९९३चं. दंगलींच्या वर्षांतलं. आई मोठी, पुढं उभी आहे आणि मागं रस्त्यावर माणसं, शस्त्रं, झाकलेली प्रेतं. आई किंचाळत नाही, धावत नाही, फक्त आहे. मी हे चित्र माझ्या सासूबाईंना दाखवलं होतं, त्यांचं वय सत्तरच्या वर, निंदण-खुरपणात आयुष्य गेलं, त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इचे पोरं कुठी हायेत?" एवढंच. मला त्या प्रश्नाच्या पुढं आजपर्यंत जाता आलं नाही.

म्हणून घरात बाया पाहणार असतील, आई, सासू, वयात आलेली मुलगी, तर मी अर्पिता सिंगच म्हणेन, पटवर्धनांच्याही आधी. एक अडचण आहे, त्यांची चित्रं बारीक तपशिलानं भरलेली असतात, 'विश ड्रीम' तर १६ कॅनव्हास जोडून केलेलं, त्यामुळे मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करून कोपरा कोपरा पाहावं लागतं, घाई चालत नाही. पण कोपरा कोपरा पाहण्यातच मजा आहे, रात्री लाइट गेल्यावर अंधारात मोबाईल घेऊन बसलं की तासभर जातो.

आता गीव्ह पटेल. हे चौथं नाव मी भावाला सांगावं की नाही यात दोन दिवस गेले.

गीव्ह पटेल मुंबईचे, १९४०चा जन्म, २०२३ला गेले. डॉक्टर, इंग्रजीतले कवी, नाटककार आणि चित्रकार. त्यांची मार लागलेल्या, छिन्न झालेल्या शरीरांची चित्रं आहेत ती पाहायला कठीण, सुरुवातीला नकोच. पण १९९०च्या दशकापासून त्यांनी विहिरी काढल्या. 'लुकिंग इनटू अ वेल'. काठावर वाकून आत पाहिलं की जे दिसतं ते, कडेची माती, दगड, उगवलेली झुडपं आणि मधोमध पाण्यात पडलेलं आकाश. वर्षानुवर्षं तेच, पुन्हा पुन्हा. माणूस चित्रात नाही, पण पाहणारा आहे, तो काठावर उभा आहे आणि तो आपणच असतो. मनात डोकावणं म्हणजे काय हे इतकं सरळ कोणी काढलेलं मी तरी पाहिलं नाही.

अडचण अशी होती की मामा आणि हा भाऊ, यांचं विहिरीवरूनच बिनसलं होतं. वरच्या वावरात मामांनी कर्ज काढून विहीर खोदली, भाऊ म्हणत होता बोअर घ्या, मामा ऐकले नाहीत, काळ्या मातीखाली पाषाण लागला, सुरुंग लावले, पुन्हा खोदलं, पाणी नाही. कर्ज भावानं जिनिंगच्या पगारातून फेडलं. त्यानंतर सहा वर्षं बापलेक एका ताटाला बसले असतील पण सरळ बोलले नाहीत, मामी मधे बसून इकडचं तिकडं सांगायची. मामा मागच्या माघात गेले. आणि हा पोळ्याला येऊन मला म्हणतो नात्यातलं काहीतरी दाखव.

मी शेवटी दाखवलंच. आधी दुसरं दाखवलं, मुंबईचा चित्रकार जितिश कल्लाट याचं 'एपिलॉग', २०१०-११चं, त्यात कल्लाटनं आपल्या वडलांच्या आयुष्यात उगवलेले सगळे चंद्र, २२ हजारांहून जास्त, पोळीच्या फोटोंतून मांडलेत, पूर्ण पोळी म्हणजे पौर्णिमा आणि खात खात गेली की चंद्राची कला कमी होत जाते. ते भावाला आवडलं, त्यानं मोजायला घेतलं, बाबा ६८चे होते म्हणजे किती झाले. चांगली सुरुवात आहे ती, जवळचं कोणी नुकतं गेलं असेल तर दाखवा, पण एक कलाकृती झाली, सहा महिने त्यावर काढता येणार नाहीत. मग विहीर दाखवली. तो मोबाईल हातात घेऊन किती तरी वेळ गप्प होता, पोरं तान्ह्या पोळ्याहून परत येऊन बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेले पैसे, मोजत बसली तरी हा तसाच. मग म्हणाला, "याले पाणी हाय."

मी काही बोलले नाही. बैलाच्या पाण्याची बादली भरायला गेले.

तर माझं मत सांगायचं तर असं, भावाला मी गीव्ह पटेल सांगितले आणि त्याच्या जागी कोणी दुसरा असता तर सांगितले नसते. पटेलांच्या विहिरींना पाहणाऱ्याची स्वतःची विहीर लागते, ती नसेल तर ते सुंदर झाडोऱ्याचं चित्र वाटू शकतं. आणि मोबाईलवर त्या विहिरी अर्ध्याच कळतात कारण मूळ चित्रं मोठी आहेत, समोर उभं राहिलं की तोल जातोय असं वाटावं एवढी, हे त्यालाही सांगितलं. बाकी कोणी ठरवत असेल आणि आत असं टोचणारं काही नसेल तर पटवर्धनांपासून निघा, त्यांच्यावरून अर्पिता सिंगकडे जाता येतं, उलटं जरा जड जातं. खख्खर मधे कधीही, ज्या दिवशी लोकांच्या बोलण्याचा फार त्रास झाला त्या दिवशी. चौघं एकदम उघडून बसू नका मात्र, मी पहिल्या वर्षी तसंच केलं होतं आणि एकही चित्र डोक्यात राहिलं नव्हतं.

प्रत्यक्ष पाहायचं तर मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत आणि जहांगीर आर्ट गॅलरी दोन्ही काळा घोड्यालाच, सीएसएमटीवरून चालत जाता येतं. भिंतीवर त्या वेळी काय लावलंय ते बदलत असतं, म्हणून जायच्या आधी विचारून घ्या, आपलं नेमकं चित्र तिथं असेलच असं धरून जाऊ नका. भाऊ दसऱ्याच्या आत जातोय, एकदा कापूस यायला लागला की सुटी नाही. काल फोन आला होता, म्हणे माय म्हणते मीबी येते, तिले मुंबई पाह्याची नाही, तुह्या बाबाच्या इहिरीसारखं काय हाय ते पाह्याचं हाय. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली त्यानं, शुक्रवारची, म्हणजे शनिवार-रविवार मिळतात. सोमवारी दालन बंद असतं.