व्हिडिओतले ते शेतकरी माझे वडील आहेत

एक व्हिडिओ फिरतोय. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, गरगरीत चेहरा. ते गृहस्थ म्हणतात, "मला रक्ताचा कॅन्सर होता. वैद्यांच्या पुडीनं महिन्यात बरा झालो." ते माझे आण्णा. आण्णा खोटं बोलत नव्हते, त्या दिवशी त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि मोबाईल धरून समोर मीच उभा होतो.

आण्णांना २०२१ मध्ये सीएमएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. डाव्या कुशीत जड वाटायचं, जेवण जात नव्हतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दोन लाखांवर. घरात रडारड झाली, पण डॉक्टर शांत होते. रोज इमॅटिनिब ४०० ची एक गोळी जेवणानंतर घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही आणि दर तीन महिन्यांनी रक्तात बीसीआर-एबीएल, म्हणजे हा आजार किती उरलाय ते दाखवणारा आकडा, तपासायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. दोन वर्षांत तो आकडा ०.१ टक्क्याच्या खाली आला आणि आण्णा पुन्हा उसाला पाणी पाजायला जाऊ लागले.

त्रास मात्र होता. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायची. "आता बरा आहे ना मी? मग जन्मभर गोळी कशाला?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका लग्नात पाहुण्यांनी शेजारच्या राज्यातल्या वैद्याचं नाव काढलं आणि पुढच्याच रविवारी मी गाडी काढली.

त्याने फाईल उघडलीसुद्धा नाही. नाडी धरली आणि म्हणाला, "इंग्रजी गोळीची गरमी भरलीय अंगात. ती बंद केली तरच माझं औषध लागू पडेल." पंधरा दिवसांच्या पुड्या अठरा हजारांना, रोख, पावती नाही. पुडीवर ना नाव, ना तारीख. आणि एक पथ्य: तीन महिने रक्त तपासायचं नाही, रक्त काढलं की ताकद जाते म्हणे. तेव्हा मला ते पथ्यच वाटलं. रक्त तपासलं असतं तर सगळं वेळीच उघडं पडलं असतं, हे आता कळतं.

पुड्यांनी गुण आला, हेच सगळ्यात वाईट झालं. आठवडाभरात आण्णा दोन भाकरी जास्त खाऊ लागले. गोळे थांबले, सूज गेली. इमॅटिनिब बंद झाल्यामुळे ही दोन्ही जाणारच होती. चेहरा भरला, आवाज खणखणीत झाला. आई म्हणाली, "लग्नातल्यासारखे दिसायला लागले." चौथ्या आठवड्यात वैद्याच्या पडवीत तो व्हिडिओ झाला.

त्याच पडवीत एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याला एएलएल, म्हणजे रक्ताचा वेगाने वाढणारा कॅन्सर होता, केमो अर्धवट सोडून आणला होता. तिने मला विचारलं, "दादा, तुम्हाला फरक पडला का हो?" मी म्हणालो, "खूप. तुम्ही बिनधास्त द्या."

पाचव्या महिन्यात आण्णांना ताप आला, पोट फुगलं. पाणथरी (प्लीहा) वाढून बेंबीपर्यंत आली होती. पांढऱ्या पेशी १,८६,०००, त्यात ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी १२ टक्के, साखर २८०. डॉक्टरांनी आण्णांचा गोल चेहरा पाहूनच विचारलं, "पुड्या चालू होत्या ना?" अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतं, ते म्हणाले. त्याने भूक वाढते, तरतरी येते, चेहरा सुजतो. ती सूज आम्ही तब्येत समजलो. स्टेरॉइड एकदम तोडणंही धोक्याचं असतं, म्हणून ते हळूहळू उतरवावं लागलं. आजार पुढच्या टप्प्यात गेला होता. आता डॅसॅटिनिब ही दुसरी गोळी चालू आहे. मध्ये फुफ्फुसाभोवती पाणी झालं, आठ दिवस ॲडमिट होते. पूर्वीच्या ०.१ वर आम्ही अजून पोचलेलो नाही.

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसांत मला डॉक्टरांकडून मिळालं. इमॅटिनिब २००१ मध्ये आली. त्याआधी सीएमएलच्या बहुतेक रुग्णांना काही वर्षंच मिळायची, बोन मॅरो बदलणं हाच खरा उपाय. आज गोळी लागू पडली तर माणूस जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो. मूळ कंपनीला पेटंट द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला नकार दिला, त्यामुळे ती स्वस्तात मिळत राहिली. आमच्या महिन्याच्या गोळ्या दोन हजारांच्या आत यायच्या. काही वर्षं आकडा अगदी तळाला राहिला तर काही जणांची गोळी डॉक्टर स्वतःच थांबवून बघतात. मग सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करतात, आणि आकडा वाढला की लगेच गोळी सुरू. हे मी आधी विचारलं असतं तर आण्णांना धीर तरी देता आला असता.

त्या पडवीत सगळ्यांना एकच पुडी मिळत होती. रक्ताचा कॅन्सर हा काही एकच आजार नाही. सीएलएल या प्रकारात काही रुग्णांना तर वर्षानुवर्षं औषधच लागत नाही, नुसती देखरेख असते. मुलांच्या एएलएलचा केमो दोन-अडीच वर्षं चालतो, पण पुरा केला तर बहुतेक मुलं बरी होतात. पुडीत 'सोमल' म्हणजे आर्सेनिक आहे असं वैद्य मिरवायचा, आणि म्हणायचा की डॉक्टरसुद्धा तेच वापरतात. वापरतात, पण रक्ताच्या कॅन्सरच्या एपीएल या एका प्रकारात मुख्यतः, शिरेतून मोजून देतात आणि हृदयाचा आलेख बघत राहतात.

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मी पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. पावती नाही, लेबल नाही, त्यामुळे अडतंय. व्हिडिओ मात्र तसाच फिरतोय.

तो तुमच्याकडे आला तर ज्याने पाठवला त्याला एवढंच सांगा, की तो चौथ्या आठवड्यातला आहे. आणि त्या ताई, तुम्ही वाचत असाल तर, मी "बिनधास्त द्या" म्हणालो होतो ते चुकीचं होतं. मुलाला घेऊन पुन्हा त्याच्या जुन्या डॉक्टरांकडे जा, आजच जा. ते रागावतील या भीतीने थांबू नका. आमचे डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी आधी आण्णांना बसायला खुर्ची दिली.